पूल होईपर्यंत पाटी उतरवू नये

१. १० फेब्रुवारी २०२०. निवडणुकीत दिलेल्या वचनाप्रमाणे आमदारांनी शेवगाव तालुक्यात नदीकाठी पुलासाठी नारळ फोडला.

२. ऑगस्ट २०२४. त्यांच्या कार्यालयाने पूर्ण झालेल्या पुलाचा फोटो प्रसिद्ध केला. आमदारांची वचने तपासणारे संकेतस्थळ मी चालवते. तिथे या वचनापुढे मी 'पाळले' अशी नोंद केली. जागेवर गेले नाही. फोटो दुसऱ्या पुलाचा होता.

३. नोव्हेंबर २०२४. माझी नोंद त्यांच्या प्रचारपत्रकावर छापली गेली. ते निवडून आले.

४. १४ ऑगस्ट २०२५. माझे वडील, निवृत्त शिक्षक कृपादान वैरागर, यांनी संध्याकाळी शेवगावहून फोन केला. "बाळ, नदीच्या रस्त्यानं जाऊ का? जवळ पडंल." मी म्हणाले, "जा पप्पा, पूल झालाय." "तू म्हणतीस म्हंजी झालाच." जोडरस्ता नवा, डांबरी आहे. तो नदीच्या काठावर संपतो. मोटरसायकल रात्री सापडली, पप्पा दुसऱ्या दिवशी.

मी, एंजल कृपादान वैरागर, वय २९, भूमापन अभियंता, राहणार सावेडी, अहिल्यानगर, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. २ फेब्रुवारीला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर धोका तीन टक्के सांगतात. बुद्धी शाबूत आहे. राग आहे, तो बुद्धीच्या आड येत नाही.

अ) सावेडीचा फ्लॅट मैत्रीण दिशा हिला. अट एक. फ्लॅटची गॅलरी आमदारांच्या संपर्क कार्यालयासमोर आहे. गॅलरीतल्या पाटीवर 'पूल नाही' हे शब्द आणि नारळ फोडल्यापासूनचे दिवस असतात. आज २१६३. हा आकडा तिने रोज, कार्यालय उघडण्यापूर्वी बदलावा. तिला आधीच विचारले आहे.
"अगं, त्यांची माणसं पाटी काढायला आली तर?"
"गॅलरी तुझी असेल."
"म्हणजे मेल्यावरही मला कामाला लावणार तू."
तयार झाली.

आ) ड्रोन, मोजणीची यंत्रे आणि संकेतस्थळ चुलतभाऊ एडविनला. आमदारांची उरलेली तेरा वचने त्याने जागेवर उभे राहून तपासावीत. माझी चुकीची नोंद पुसू नये. तिच्याखाली पप्पा गेल्याची तारीख आहे.

इ) आमदारांचा कार्यकर्ता वाल्मिक दफनाच्या दिवशी आमच्या दारात म्हणाला, "ताई, मास्तरांनी बघून चालवायला पायजे हुतं. आन् पूल झालाय असं तुमीच लिव्हलं हुतं की." दुसरे वाक्य खरे आहे. त्याला ते प्रचारपत्रक चौकटीत बसवून द्यावे.

ई) पप्पांचे हेल्मेट आमदारांना. टपालाने नाही. पुढच्या सभेत दिशाने हार घालणाऱ्यांच्या रांगेत उभे राहावे आणि पाळी आली की ते त्यांच्या हातात द्यावे.

उ) बेलापूरचे घर आत्या सत्यशीला यांना, विनाअट. त्यांनी मला त्या फोनबद्दल एकदाही काही विचारले नाही.

ऊ) पाटी कधी उतरवायची: फोटोवर, पत्रकावर, माझ्यासारख्या कोणाच्या नोंदीवर दिशाने विसंबू नये. स्कूटर घेऊन पुलावरून पलीकडे जावे, त्याच पुलावरून परत यावे. मग उतरवावी.

सही: एंजल कृपादान वैरागर
साक्षीदार: १. हन्ना भिंगारदिवे २. कानिफनाथ ढाकणे
सावेडी, १२ जानेवारी २०२६

आमदारसाहेब, याची प्रत तुम्हाला रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे. उत्तर आले तरी हेल्मेटचे कलम कायम राहील. पुलाला वर्षे लागतात. रस्त्याच्या टोकाला अडथळा एका दिवसात बसतो. तो आजही नाही. कधी बसवणार, ते ३० जानेवारीपर्यंत लेखी कळवावे.