मुक्ताची पाचवी, घरीच

३ जुलै
आजपासून मुक्ता घरीच शिकणार. महिन्यात तिसरी वही हरवली म्हणून बाईंनी वर्गासमोर दप्तर पालथं केलं. गृहपाठ केलेला, पण त्याच वहीत. दप्तरात शिळी भाकरी निघाली. सगळे हसले. तेव्हापासून पोरगी जेवली न्हाय नीट.
हे भट्टीवर खवा हलवत होते. म्हणाले, "तुझं डी.एड. पडूनच हाय. तूच शिकव." हेडसर म्हणाले, परीक्षेला बसू देतो.

५ जुलै
वेळापत्रक भिंतीला लावलं. गणिताचा तास पेन्सिल शोधण्यात गेला. ओरडले. मु. म्हणाली, "आई, मी मुद्दाम न्हाय करत."
माहीत होतं. तरी ओरडले.

१९ जुलै
वेळापत्रक फाडलं. आता सगळ्या विषयांना मिळून एकच वही. पेन्सिल दोऱ्यानं वहीलाच बांधली. बरं चाललंय. दोन दिवस तरी.

११ ऑग.
आज भट्टीवरच गणित. पाच लिटर दुधाचा एक किलो खवा, तर अठरा लिटरचा किती? मु. म्हशीच्या रेडकाशी खेळत होती. मान वर न करता म्हणाली, "तीन किलो सहाशे ग्रॅम." हे ऐकतच राहिले. खवा बुडाला लागला. "लागू दे," म्हणाले. दिवसभर खुशीत.

७ सप्टें.
भूमच्या बाजारात वही हरवली. दीड महिन्याचा अभ्यास त्यात. मु.सुद्धा दिसेना. तासभर शोधलं. एस.टी. स्टँडच्या मागं बसलेली. "सगळ्यांसमोर बोलू नको," एवढंच म्हणाली.
मी शेजारी बसले. घरी येऊन नवी वही काढली. ती आठवून सांगत गेली, मी लिहीत गेले. नद्या, अपूर्णांक, कविता. एखाद-दुसरंच राहिलं.
म्हणजे डोक्यात सगळं जागच्या जागी हाय.

२१ ऑक्टो.
हेडसर घरी आले. मु.ला तोंडी विचारलं बरंच. चहा तसाच निवला. जाताना म्हणाले, "दिवाळीनंतर वर्गात येतीस का? बाईंशी मी बोलतो."
ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं. पाठवावं वाटतं. आणि न्हायही वाटतं. हिला घरी ठेवायची सवय मलाच लागली की काय.
सर फाटकापाशी पोचले तेव्हा मु. पळत गेली.
"सर, माझ्या जागेवर, शबानाजवळ, आता कोण बसतंय?"
"कुणी न्हाय बाळ. जागा रिकामीच हाय."
परत आली, रेडकाला पाणी पाजत बसली. मी अजून काही विचारलेलं न्हाय.