केळीच्या वजनावर बसवलेली चाकं

गिरीज, वसई
रविवार, ता. २९ जानेवारी १९८४

प्रिय हरेश्वर,

नमस्कार. पुण्यात थंडी कडक असेल. स्वेटर घालतोस की अजून तसाच उघड्या गळ्याने फिरतोस? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. म्हणजे, माझी बहीण पॉलिन सोडून. तिच्या पायाचं तुला कळलं असेलच, आगाशीहून तुझ्या आईचं पत्र आलं असेल. त्यात काय लिहिलंय हे विचारायची माझी छाती नाही.

आधी गाडीचं सांगतो. जिच्या पायी आपण चार वर्षं घरच्यांच्या शिव्या खाल्ल्या, ती दोन माणसांची बुटकी फायबरची गाडी नाताळाआधी चक्क अंगणात उभी राहिली. जुन्या मोटारीचं इंजिन पहिल्या दमात सुरू झालं. शेजारच्या जुलियाना मावशी म्हणाल्या, "इग्नेस, ही बसायची की अंगावर घालायची?" तू असतास तर पोट धरून हसला असतास.

पण तू नव्हतास. पुण्याची नोकरी लागली आणि मागच्या चाकांचं सस्पेन्शन अर्धवट टाकून गेलास, याचा मला फार राग होता. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला बळ येईल.

तुझं चित्र मी शेडच्या फळीवर ठोकलं होतं. प्रत्येक मागच्या चाकाला दोन आडवे हात, एक वर, एक खाली. गाडीची पाठ वरखाली झाली तरी चाक आपलं ताठ. कागदावर छानच होतं रे. पण सातिवलीच्या वर्कशॉपातून त्या हातांचे जोड दर वेळी वाकडेच यायचे, आणि नाताळ तर तोंडावर आलेला. मग मी शहाणपणा केला. वरचे हात काढूनच टाकले. दोन्हीकडचे अर्धे एक्सल मधल्या डिफरन्शियलच्या पेटीपाशी बिजागरीसारखे टांगले आणि गाडीची पाठ हलेल तशी चाकं तिरपी झुलायला लागली. मी स्वतःवर इतका खूश झालो की काय सांगू!

एवढ्यावर थांबलो असतो तर कदाचित निभावलंही असतं. पण आमचे पप्पा! तुला माहीत आहे त्यांचं पालुपद, "ह्या खेळण्यात माझी केळी जातील का रे?" म्हटलं, एकदा दाखवूनच देऊ. वाडीतले केळीचे लोंगर आणून सीटवर, सीटच्या मागे, जागा मिळेल तिथे रचले आणि त्या वजनावर स्प्रिंगा बसवल्या. पॉलिन ओळंबा धरून बसली होती. चाकं अगदी सरळ! पप्पा गाडीभोवती फिरले आणि पहिल्यांदाच "बरी आहे" म्हणाले. तू चित्राच्या कोपऱ्यात लिहिलं होतंस, दोन माणसं बसवून चाकं सरळ करायची. मी ते वाचलं होतं, हरेश्वर.

मग केळी उतरवली. वजन गेल्यावर गाडीची पाठ वर आली आणि दोन्ही चाकं खालच्या बाजूने आत ओढली गेली. पॉलिन म्हणाली, "दादा, ही अशी का दिसतात?" मी म्हटलं, "चालून चालून बसतील."

नाताळच्या दुसऱ्या दिवशी तिलाच शेजारी बसवून निघालो. चर्चच्या पुढच्या वळणावर बाहेरचं चाक गाडीखाली दुमडलं, गाडी उचलली गेली आणि पॉलिन रस्त्यावर फेकली गेली. मला साधं खरचटलंही नाही. तिचं गुडघ्याखालचं हाड मोडलं. प्लास्टर अजून आहे. पाय जुळेल, पण लंगडेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात.

इस्पितळाच्या व्हरांड्यात पप्पांनी विचारलं, "ती मागची चाकं कोणाच्या डोक्यातली?"

मी म्हटलं, "हरेश्वरच्या."

चित्र तुझंच होतं ना, अशी मी मनाची समजूत घातली. पण जे मोडलं ते तुझं नव्हतं, माझं होतं, हे मला त्या क्षणीही पक्कं ठाऊक होतं. पप्पा रागाच्या भरात आगाशीला गेले आणि भर बाजारात तुझ्या आईला, आमच्या काकींना, नाही नाही ते बोलून आले. मी त्यांना अडवलं नाही.

आणि खरं सांगायचं ते अजून राहिलंच आहे.

गेल्या आठवड्यात काकी आमच्याकडे आल्या. बसने, एकट्या, डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. पॉलिनच्या खाटेशी जमिनीवर बसल्या, तिच्या प्लास्टरला हात लावून तोच हात कपाळाला लावला. मग माझ्याकडे वळून हात जोडले. "माझ्या पोराची चुकी झाली रे बाबा. तो लांब हाय म्हनून मी आले. मनात नको ठेवू."

मी काय म्हणालो असेन? "असू द्या काकी. माणसाकडूनच चूक होते." मी तुझ्या आईला माफ केलं, हरेश्वर! तोंड वर करून माफ केलं. लाज कशी वाटली नाही मला?

त्या गेल्यावर पॉलिनपुढे लाडू धरला. तिने तोंड फिरवलं. "तूच खा. माफ तू केलंस ना?" तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. पप्पांनाही तिने काही सांगितलं नाही, मीच सांगायची वाट बघत होती.

आज मिस्साहून आल्यावर पप्पांना सगळं सांगितलं. मला वाटलं, मारतील. त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले, "तुझ्या जिभेवर विश्वास ठेवून मी एका बाईमाणसाला चारचौघांत बोललो." एवढंच. मग वाडीत गेले.

उद्या आम्ही दोघं आगाशीला जातोय. काकींचा डबा द्यायचाय. तुमच्याकडे काय, आमच्याकडे काय, डबा रिकामा परत देत नाहीत, म्हणून पप्पांनी वेलची केळी काढून ठेवली आहेत. आधी बाजारात जाऊन सांगणार, मग तुमच्या ओटीवर. हे पाकीटही तिथल्याच पोस्टात टाकीन. शिक्का बघ. वसईचा दिसला तर समज, मी पुन्हा शेपूट घातली.

आगाशी, सोमवार

सांगितलं. बाजारात पप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. ओटीवर काकींनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मंग मी तुझ्या दारात येऊन हात जोडले, ते कोनासाठी?"

त्यांनी डब्यातली केळी आमच्या पिशवीत परत भरली आणि रिकामा डबा घेऊन आत गेल्या.

तुझा म्हणवून घ्यायचं तोंड न उरलेला,
इग्नेस