चहाआधीची गोळी

अंथुर्णे

प्रिय वन्सं,

आत्या सुधारल्या. काल गोठ्यात जाऊन त्यांनी गड्याला फैलावर घेतलं, मग माझ्या भाकरीला नावं ठेवली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आळीभर सांगत सुटल्यात, माझ्या डॉक्टर लेकीच्या, योगिनीच्या गोळ्यांनी गुण आला. मी ऐकते आणि आतल्या आत जळते. तुमच्यापासून काय लपवायचं?

जळायची सवय तशी जुनीच. तुम्ही बारामतीहून कधीमधी येता, तासभर बसता आणि आत्यांचा चेहरा फुलतो. मी रोज वेणी घालते, पाय चेपते, ते कुणाच्या खिजगणतीत नाही. वेणी घालते म्हणून तर केस मूठमूठ गळताना मला दिसले. आवाज जड झाला, भर मे महिन्यात गोधडी मागायला लागल्या. तुम्हाला फोनवर सांगितलं, तर म्हणालात, वडील गेल्याचं मनावर घेतलंय, मनाची गोळी चालू आहे, धीर धर. मामंजी गेले म्हणून आई उदास, हे एकदा तुमचं ठरलं. मग केस, थंडी, सूज, मी जे सांगेन ते तुम्ही त्याच पोत्यात भरत गेलात.

दुसरीकडे दाखवू म्हटलं, तर तुमचे भाऊ म्हणाले, ‘घरात डॉक्टर असताना भाईर कशाला? लोक काय म्हणतील?’ वर, ‘तुला ताईचं बघवत न्हाय,’ हेही ऐकवलं.

त्या बोलण्यानं मी डळमळले. तुम्ही चुकाव्यात असं मला इतकं वाटत होतं, की आत्यांचा चेहरा खरंच सुजलाय की मला तसा दिसायला हवाय, हेच समजेना. शेवटी आमच्या श्रेयाच्या वाढदिवसाचा जुना फोटो त्यांच्या चेहऱ्याशेजारी धरला. फोटोतली बाई वेगळीच होती. मग भाचीच्या बारशाचं निमित्त करून त्यांना इंदापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. थायरॉईड निघालं. हा रिपोर्ट तुमच्यापुढे आपटायचा, असं येताना एसटीत मी किती रंगवलं होतं.

पण नवी गोळी आत्या घेईनात. ‘योगिनीनं दिल्याबिगर म्या न्हाय घ्यायची,’ म्हणून तोंड मिटून बसल्या. मग मी सांगितलं, ‘वन्संनीच पाठवलीय.’ मुकाट घेतली. ही गोळी उपाशीपोटी घ्यायची, चहा अर्ध्या तासानं. चहासाठी घर डोक्यावर घेणारी बाई आता गप बसून राहते, तुम्ही सांगितलंय म्हणून. मी सांगितलं असतं तर कप भिरकावला असता.

आजवर तुमचा फोन आला की मी शेजारी उभी राहून विषय वळवत आले. रविवारी तुम्ही येणार, तेव्हा आत्या त्या गोळीचा विषय काढणारच. ‘कुठली गोळी?’ म्हणालात, तर दुसऱ्या दिवसापासून बंद करतील. रिपोर्ट सोबत जोडलाय, तो बघा. मनाच्या गोळीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, मी तिला हात लावलेला नाही. आणि आत्यांना सांगा, हो, मीच पाठवली. फोनवर हे मागताना माझा आवाज चढला असता, म्हणून लिहिलं. फक्त मी चहा टाकायला आत गेले की मगच सांगा. तेवढं मला ऐकायला लावू नका.

जळते, तरी तुमचीच,
मेघना