चारशे ऐंशी चित्रं आणि उरलेलं सामान

मी, चिंतामणी विनायक पोतनीस, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा चित्रं हलवण्याचा, जन्म धारचा, राहणार देवास, टेकडीच्या पायथ्याशी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. स्वादुपिंड नाही, दिवाळीचं काही खरं नाही, असं इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही, की गोड बोलून काही लिहवून घेतलेलं नाही. हात कापतो, म्हणून अक्षर वाईट आहे. एका सेकंदासाठी बारा चित्रं काढणाऱ्या हाताला आता सहीसुद्धा एका दमात जमत नाही.

माझी पत्नी बकुळा सहा वर्षांपूर्वी वारली, तेव्हा मी एक मृत्युपत्र केलं होतं. ते रद्द समजावं. त्यात मी एक गोष्ट लपवली होती.

कलम पहिले. राहतं घर, मागची खोली सोडून, माझी धाकटी बहीण कल्पना दिघे, राहणार धार, हिला द्यावं. ती ते विकणार हे मला ठाऊक आहे आणि माझी हरकत नाही. मात्र उजवीकडच्या शेजाऱ्याला, त्याने दामदुप्पट दिले तरी, विकू नये. त्याने माझ्या पेरूची भिंतीपलीकडे गेलेली फांदी मला न विचारता तोडली आणि वर पेरू आंबट होते असं सांगितलं. पेरू आंबट नव्हते.

कलम दुसरे. बँकेत जे असेल त्यातून दवाखाना आणि अंत्यविधी भागवावा, उरलेलं कल्पनाने ठेवावं. तेराव्याला गोडधोड करू नये. लोक जेवतात आणि मग मेलेल्याचं कौतुक करतात. माझं कौतुक होऊ नये अशी माझी इच्छा आहे. कारण सहाव्या कलमात आहे.

कलम तिसरे. माझं उजेडाचं टेबल, त्याची फिरती काच, कागद अडकवायच्या तीन पितळी खुंट्या, चित्रांची पुस्तकं आणि जुन्या चित्रपटांची सात रिळं श्रियाला द्यावीत. श्रिया ही कल्पनाची नात, इंदुरात संगणकावर ॲनिमेशन करते. शिक्षण हिंदीत झालं, त्यामुळे मराठी बोलते पण वाचायला बसली की घाम फुटतो. कल्पनाने हे सगळं तिला मोठ्याने वाचून दाखवावं आणि काही गाळू नये.

श्रिये, ती रिळं यंत्रावर चालवून बघू नकोस. पट्टी उजेडासमोर धर आणि एकेक चौकट बघ. एका रिळात एक म्हातारा खुर्चीतून उठतो. इतकंच. पण उठण्याआधी तो जरा मागे जातो, मग डोकं पुढे येतं, मग गुडघे भार घेतात, आणि सर्वांत शेवटी पोट उठतं. नऊ चित्रं आहेत. सातवं थांबवून पाहिलंस तर कुरूप दिसेल. तोंड ओघळलेलं, खांदा भलतीकडेच. चालू लागलं की मात्र त्या म्हाताऱ्याचं वजन आपल्याला आपल्या गुडघ्यांत कळतं. ज्याने ते काढलं तो तासभर आरशासमोर उठबस करत असणार. मी धारला सातवीत असताना तंबूतल्या टॉकीजमध्ये हे पहिल्यांदा पाहिलं, घरी येऊन अंकगणिताच्या वहीच्या कोपऱ्यांवर माणूस उठवला आणि वडिलांचा मार खाल्ला. तुमच्याकडे चूक झाली की एक बटण दाबून मागे जाता येतं, असं तू मला सांगितलं होतंस. मी त्या रात्री बराच वेळ त्या बटणाचा विचार केला.

कलम चौथे. दिवाणखान्यात एक सन्मानचिन्ह आहे, ‘माळव्यातील ॲनिमेशनचे जनक’ असं कोरलेलं. ते भंगारात द्यावं. ज्यांनी दिलं त्यांनी भाषणात माझ्या रेषेची स्तुती केली आणि पडद्यावर जी चित्रं दाखवली त्यांतली निम्मी मारुतीची होती. मी मान हलवून हार घालून घेतला. मारुती पाचव्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

कलम पाचवे. हा मारुती कोण, ते इथे लिहितो.

मारुती शंकर गव्हाणे, हाटपिपल्याचा, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. मी १९७९ साली मुंबईचा जाहिरातींचा स्टुडिओ सोडून देवासला आलो आणि मागच्या खोलीत लाकडी चौकटीवर कॅमेरा टांगला, तेव्हा मला मदतीला माणूस हवा होता. हिवतापाच्या प्रचारपट्ट्या, टॉकीजमधल्या जाहिराती अशी कामं होती. हालचालीचं पहिलं आणि शेवटचं चित्र मी काढायचो, मधली सगळी मारुती. आमच्या धंद्यात पहिल्या-शेवटच्या चित्रांना नाव मिळतं आणि मधल्यांना पाठदुखी. चित्र आधी कागदावर पेन्सिलने काढायचं, मग सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पानावर उतरवायचं, अशी रीत. मारुती पेन्सिल घेतच नसे. ब्रश बुडवायचा आणि थेट सेलवर. पाटीवर कुठे पेन्सिल असते, भिया, असं म्हणायचा; इकडे थोरल्या भावाला भिया म्हणतात. अशी रेषा मी मुंबईतही पाहिली नाही. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

पितृपक्षात माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणाची संजा काढतात, तिला फुलांच्या पाकळ्या चिकटवतात, रोज संध्याकाळी नवी, आणि अमावास्येला सगळं गोळा करून पाण्यात सोडतात. मारुतीची आई भवानीबाई गल्लीतल्या पोरींना हे शिकवायची. भिंतीवरची संजा उतरून चालू लागते असा चार मिनिटांचा चित्रपट करायचा, ही कल्पना मारुतीची. पडद्यावरच्या नावांत माझं नाव वर येणार होतं. त्यात चाळीस सेकंद फक्त भवानीबाईचा हात होता: शेण घेतो, चंद्र थापतो, तेरड्याच्या पाकळ्या लावतो. मारुती दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी घरी जाऊन तिच्याजवळ बसायचा आणि बघायचा. चारशे ऐंशी सेल झाले. भवानीबाईने जन्मात फोटो काढू दिला नाही. पोराने चित्र काढलं तर मात्र बसून राहायची.

कलम सहावे. जानेवारी १९८७.

चित्रीकरण झालं, रीळ धुऊन यायला मुंबईला गेलं. सेल महाग, मुंबईहून यायचे, म्हणून काम झालं की आम्ही ते रिठ्याच्या कोमट पाण्यात धुऊन, दोरीवर वाळवून पुन्हा वापरायचो. मारुतीने गठ्ठ्यांना दोरे बांधायची पद्धत लावली होती. धुवायचे त्यांना लाल, ठेवायचे त्यांना पांढरा. आणि धंद्याचा एक नियम, जो मीच त्याला पहिल्या आठवड्यात शिकवला: रीळ परत येऊन पडद्यावर बघितल्याखेरीज एकही सेल पाण्यात जायचा नाही.

एका दुपारी हाटपिपल्याहून निरोप आला, भवानीबाई अत्यवस्थ. मारुती तसाच निघाला. निघण्यापूर्वी त्याने आईच्या हाताच्या सेलांच्या गठ्ठ्याला दोरा बांधला. पांढरा.

दोन दिवसांनी पाण्याच्या पंपाच्या जाहिरातीची घाई लागली आणि मुंबईचा माल आला नाही. मी म्हटलं, रीळ तर भरलंय, आता सेलांचं काय काम. पांढरा दोरा सोडला आणि दोन दुपारी बसून चारशे एकोणऐंशी चित्रं धुतली. पाणी मेंदीच्या पाण्यासारखं झालं. दोनशे बारा नंबरचा सेल बाजूला ठेवला, भिंतीवर टेकलेला पंजा. कोणाचा हात धुतोय ते मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं माझ्या वतीने कोणी म्हणू नये.

नऊ दिवसांनी रीळ आलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळं. कॅमेऱ्याच्या डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं, आणि ते झाकण मी बसवलं होतं. तोवर भवानीबाई गेली होती. तेरावं उरकून मारुती मुंडण केलेल्या डोक्याने परत आला. त्याआधी मी धुण्याच्या टोपलीत लाल दोरा टाकून ठेवला.

“दोरा कोणता होता, भिया?” त्याने विचारलं.

“लाल.”

तो जमिनीवर बसला. घाईत माझ्याकडूनच झालं असणार, म्हणाला. मग माझे पाय धरून त्याने माफी मागितली, चित्रपट बुडवला म्हणून. मी त्याला माफ केलं. हे वाक्य लिहायला मला सदतीस वर्षं लागली.

बकुळा दारात उभी होती. सेल दोरीवर वाळत घालायला तीच आली होती, आणि पांढरा दोरा तिने पाहिला होता. त्यानंतर मरेपर्यंत तिने त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. चहासुद्धा उंबऱ्यावर ठेवून जायची.

मारुतीने तो हात पुन्हा काढायला घेतला. तीन दिवस बसला. आईचा हात कसा वळायचा तेच डोळ्यांपुढे येत नाही, म्हणाला, आणि ब्रश धुऊन ठेवला. औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यावर पहारेकरी झाला, तिथूनच निवृत्त झाला. पुन्हा साधी पाटीही रंगवली नाही. मुलीच्या लग्नात दारावरचा गणपती दुसऱ्याकडून काढून घेतला. दर दिवाळीला मात्र फराळाचा डबा घेऊन माझ्याकडे येतो. एवढी मोठी चूक करूनही भियांनी मला तोडलं नाही, असं लोकांना सांगतो.

कलम सातवे. मागची खोली, तिचं स्वतंत्र दार, कॅमेरा आणि पत्र्याच्या डब्यातला दोनशे बारा नंबरचा सेल मारुतीला द्यावा. जिथे जिथे त्या काळच्या कामावर माझं नाव असेल, तिथे त्याचं नाव आधी लिहावं. हे मृत्युपत्र माझ्यामागे त्याला वाचून दाखवावं.

सह्यांपूर्वीची भर, त्याच हाताने.

सातव्या कलमातलं शेवटचं वाक्य कल्पनाला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, “दादा, मेल्यावर कबूल करायला काय लागतं?” म्हणून आज वकील फत्तेसिंगजी यायच्या वेळेलाच मारुतीला बोलावलं आणि कागद त्याच्या हातात दिले.

त्याने स्वतः वाचलं. जाड चष्मा आहे, ओळीखाली बोट ठेवून वाचतो. सहावं कलम दोनदा वाचलं. मला वाटलं आता ओरडेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्याने फक्त डबा मागितला. सेल काढून खिडकीशी नेला आणि उजेडासमोर धरला. फत्तेसिंगजींचा चहा निवला.

मग म्हणाला, “भिया, याच्यावर तुम्ही रंग लावलाय.”

मी हो म्हटलं. पंचवीसेक वर्षांपूर्वी रंगाचे पोपडे सुटायला लागले होते, म्हणून बेताने दुरुस्त केला. जुनं सगळं खरवडून नवी रेषा दिली. करंगळी काढताना त्याचा ब्रश घसरलेला दिसत होता, तीही नीट करून घेतली. हे सांगताना मला, देवाशपथ, थोडा अभिमान वाटत होता.

“आईची करंगळी वाकडीच होती,” तो म्हणाला. “चारा कापायच्या यंत्रात सापडली होती. तुम्ही सरळ केली.”

मला माहीत नव्हतं. त्या बाईने त्याच हाताने मला कितीदा तुपात बुडवलेले बाफले वाढले. मी हात बघून चित्र काढणारा माणूस, तिच्या हाताकडे मी एकदाही बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, वरचा रंग काढून देतो. त्याने विचारलं, खाली काय आहे? खाली काही नाही. त्याने सेल टेबलावर पालथा ठेवला आणि वकिलांना म्हणाला, “वकीलसाब, मेरे नाम का कलम काट दो. गवाही में मैं दस्तखत करूँगा.” फत्तेसिंगजींनीही सांगितलं की ज्याला काही मिळायचं आहे त्याने साक्ष न घातलेली बरी, उद्या कोणी वाद घालू शकतं. मारुती म्हणाला, म्हणूनच. मी त्याला निदान सेल तरी ने म्हणून विनवलं. तो घड्याळाकडे बघत होता, हाटपिपल्याची बस असते.

सबब सातव्या कलमातली मालमत्ता मी माझ्या हाताने खोडली आहे. नावाबद्दलचं वाक्य राहू द्यावं. मागची खोली घराबरोबर कल्पनाकडे जावी. सेलाचं काय करावं ते मला सुचत नाही. त्याने मला माफ केलं की नाही, हे मी विचारलं नाही, आणि केलं असं कोणी माझ्यामागे सांगू नये.

इतकं लिहून, पुन्हा वाचून, दोघा साक्षीदारांदेखत सही करतो.

चिंतामणी विनायक पोतनीस
देवास, बुधवार, दि. २ ऑक्टोबर २०२४, सर्वपित्री अमावास्या

साक्षीदार पहिले: फत्तेसिंग पंवार, वकील, देवास. (सही)

साक्षीदार दुसरे: मारुती शंकर गव्हाणे, मु. हाटपिपल्या, जि. देवास. (सही) मजकूर मी स्वतः वाचला. चिंतामणभियांनी माझ्यासमोर सही केली, ते शुद्धीत आहेत. माझी आई भवानीबाई, तिच्या उजव्या हाताची करंगळी मधल्या पेरापासून आत वळलेली होती. हे आता माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही, म्हणून इथे लिहून ठेवलं.