अलकाच्या पट्टीतल्या तारा

मी, चंद्रशेखर विनायक देवस्थळी, निवृत्त भूलतज्ज्ञ, राहणार कार्डिफ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि भरपूर संतापात लिहीत आहे. आयुष्यभर लोकांना बेशुद्ध केले, तेव्हा शुद्ध कशाला म्हणतात ते वकिलाने मला शिकवू नये. याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. घर आणि सर्व बचत पत्नी अलका हिला. तिला कोणी सल्ले देऊ नयेत.

२. गाडी आणि पुस्तके मुलगी आश्लेषा, ग्लासगो, हिला. ती फोनवर म्हणते, "बाबा, लेट इट गो ना, मामाने मुद्दाम नाही केलं." मुद्दाम केले असते तर एवढा राग आला नसता.

३. माझे वाद्य. पोट गिटारचे, मान मँडोलिनची, तारांच्या चार जोड्या. गळ्याच्या ऑपरेशननंतर अलकाची पट्टी काळी पाचवरून पांढरी चारपर्यंत उतरली. हलक्या तारा इतक्या खाली आणल्या की ढिल्या पडून खडखडतात. म्हणून मी जाड तारा शोधल्या आणि तिच्या नव्या षड्जाला लावल्या. ती पुन्हा गाऊ लागली, आधी स्वयंपाकघरात. मग मंडळाच्या गणपतीत गायला तयार झाली.

मी गाडी पार्क करायला गेलो, तेवढ्यात तिचा भाऊ मोहन याने खुंट्या पिळून वाद्य काळी पाचला चढवले. "ताई, तुझी ओरिजिनल पट्टी हीच. कॉन्फिडन्स ठेव, आवाज येईल." मी हॉलमध्ये शिरलो तोवर याची पेटी सुरूही झाली होती. त्या ताणाने वाद्याचे पोट फुगले, घोडी उखडली. ते मी दुरुस्त केले. अलकाचा आवाज अंतऱ्यात फाटला, ती खाली बसली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. असल्या टाळ्या शत्रूच्याही वाट्याला येऊ नयेत.

त्यानंतर ती घरातसुद्धा गायलेली नाही. भावाला वाईट वाटू नये म्हणून सर्वांना सांगते, ऑपरेशनमुळे. तिने त्याला सांभाळून घ्यावे, मी घेणार नाही.

वाद्य अलकाचे. वाजवेल नात मायरा. तिने विचारले, "आजोबा, आजी गात नाही, मग हे ट्यूनिंग इतकं खाली का?" मायरा, आजीचा सूर ज्या दिवशी जिथे लागेल तिथे तू तारा आण. आणखी उतरला तर आणखी जाड तारा घाल. गळ्याला तारांमागे पळवायचे नाही.

४. मोहनला काहीही नाही. ज्याला काही मिळते त्याने इथल्या कायद्याप्रमाणे साक्षीदार होऊ नये, त्यामुळे तो अगदी योग्य माणूस आहे. सहीपूर्वी त्याने कलम तीन माझ्यासमोर मोठ्याने वाचावे. माझ्या अंत्यविधीला पेटी आणू नये.

कार्डिफ, ९ नोव्हेंबर २०२४
चंद्रशेखर वि. देवस्थळी

आम्हा दोघांसमक्ष सही झाली:

वैजयंती कामेरकर, शेजारीण

मोहन आठल्ये. मोठ्याने वाचलं. मला खरंच ऑपरेशनमुळे वाटत होतं. ताई दारात उभी होती. म्हणाली, "परत वाच."