भिंतीवरचा प्रश्न

मंगळवार, संध्याकाळ

हात अजून निळेच आहेत. रॉकेलने घासूनही रंग जात नाही. जाऊ दे, राहू दे.

गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी एवढंच विचारलं होतं, की एसटी थांब्याजवळचा दिवा कधी लागणार? कुरकुंभच्या कंपनीतली शिफ्ट संपवून आम्ही बायका तिथं अंधारातच उतरतो. उपसरपंच आप्पांनी प्रश्न डिलीट केला आणि मलाही ग्रुपमधून काढलं. फोन केला तर म्हणाले, "ग्रुप माझा हाय. तिथं काय बोलायचं ते मी ठरवनार."

खूप चिडले. पण त्यांचं म्हणणं खोटं कुठं होतं? ग्रुप त्यांचाच की. मग माझं काय आहे? माझ्या घराची रस्त्याकडेची भिंत!

आज सुट्टी होती. सकाळीच तोच प्रश्न भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने हातभर अक्षरांत लिहिला. दुपारपर्यंत त्याचा फोटो ग्रुपवर, शिफ्टमधल्या बायकांनी फोन करून सांगितलं. आप्पा डिलीट करतात, दुसरं कुणी परत टाकतं.

मघाशी आप्पा स्वतः आले. "ताई, गावाची बदनामी व्हतीय. पुसा ते."

मी भिंतीसमोर जाऊन उभी राहिले. "आप्पा, तुमच्या ग्रुपातनं मी गुमान गेले. ही भिंत माझी हाय."

निळ्या अक्षरांकडे एकदा बघून आप्पा गाडीला किक मारून गेले. मला हसूच आवरेना.

तेवढ्यात समोरच्या शांतामामी आल्या. वाटलं, आता समजूत घालणार.

"रंग उरलाय का गं?" त्या म्हणाल्या. "आमची बी भिंत रस्त्याकडंच हाय."