मनीच्या फोनात मावणारी कार्डं

७ नोव्हेंबर, शुक्र.

पिहूला रक्त चढवून झालं. मनी तिला घेऊन दुपारच्या बसने काटोलला परत गेली. खिडकीतून पिहू असा टाटा करत होती, जशी काही मावशीकडे सुट्टीलाच आली होती. आठ वर्षांची पोट्टी. सिकलसेल म्हणजे काय विचारलं तर सरळ सांगते, "माझं रक्त वाकडं आहे."

या वेळी बी निगेटिव्ह रक्त मिळता मिळत नव्हतं. मनी वॉर्डाबाहेर बसून व्हॉट्सॅपचा ग्रुप खालवर करत होती. दात्यांची नावं, नंबर, सगळं गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलेलं. माझी धाकटी बहीण, रडत नाही सहसा. त्या दिवशी रडली.

सुनंदाताई तिथेच होत्या. अशा लेकरांच्या आईबापांचा गट त्याच चालवतात. त्यांचा मुलगा याच आजाराने गेला, तेव्हापासून. मला म्हणाल्या, "तू दुकानांचे पेज बनवते ना वं? आमच्या दात्यांचं एक बनवून दे."

हो म्हटलं. साड्यांची कार्डं करते, मिठाईची करते. माणसांची का नाही.

१० नोव्हेंबर, सोम.

सकाळपासून टेबलावर. एक दाता, एक कार्ड. वर रक्तगट मोठ्या अक्षरात, मग नाव, राहण्याचा भाग, शेवटचं रक्त कधी दिलं ते, खाली उजवीकडे हिरवं फोनचं बटण. नंबर दिसत नाही, बटणामागे असतो. बायांचे फोन सरळ त्यांना न जाता सु.ताईंकडे जातील, असं त्यांनीच सांगितलं. पेजला पासवर्ड, गटातल्या घरांपुरतं.

लॅपटॉपवर एका ओळीत तीन-तीन. कोपरे गोल, सावली हलकी. हे चहा घेऊन आले अन् मागे उभं राहून म्हणाले, "झकास दिसून राहिलं."

मलाही तसंच वाटलं.

१६ नोव्हेंबर, रवि. काटोल

मनीला पेज दाखवायला मुद्दाम गेले. तिचा फोन जुना, छोटा. त्यात डोळ्यांसाठी अक्षरं मोठी करून ठेवलेली. उघडलं तर कार्ड अर्धंच. फोनचं बटण स्क्रीनच्या बाहेर.

"ताई, फोन कुठून लावू वं? मले त नुसती हिरवी कड दिसून राहिली."

म्हटलं, बोटाने डावीकडे सरकव. तिने सरकवलं, तर नाव गेलं. परत आणलं, तर बटण गेलं. मी शिकवत राहिले, असं नाही गं, हळू. ती थांबली. फोन खाली ठेवला.

"घरी बसून जमन मले. पण पिहू कण्हत असली त हे सरकवणं सुचन का?"

पिहू अंगणात संत्र सोलत बसली होती. साल एका तुकड्यात निघालं म्हणून ओरडत आली दाखवायला.

बसमध्ये पूर्ण रस्ता डोक्यात तेच. मी माझ्या स्क्रीनसाठी बनवलं. मनीच्या फोनसाठी नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळ.

आज जे पाहिलं ते लिहून ठेवायलाच हवं.

आधी मी प्रत्येक कार्डाला ठरावीक रुंदी दिली होती. इतकी म्हणजे इतकीच. स्क्रीन लहान झाली की कार्ड ऐकतच नव्हतं. ते काढलं. सगळ्या कार्डांना धरणाऱ्या डब्याला कोडची एकच ओळ लिहिली. तिचा अर्थ साधा: कमीत कमी एवढी जागा हवी, तीही स्क्रीनमध्ये असेल तर, नाहीतर आहे तेवढी घ्या, जास्त असेल तर वाटून घ्या, एका रांगेत किती जण बसायचं ते तुम्ही बघा.

लॅपटॉपवर ब्राउझरची खिडकी ओढून लहान करत गेले. तीन होती, दोन झाली. कोणी कोणाला धक्का दिला नाही. आणखी ओढली. एकाखाली एक उभी राहिली, सगळी पूर्ण, बटण जागेवर. परत ताणली तर परत पसरली. कितीतरी वेळ नुसतं हेच करत होते. ओढ, सोड. ओढ, सोड.

ही ओळ पूर्वी साड्यांच्या पेजवर कुठून तरी उचलून टाकलीही असेल मी. पण तेव्हा असं बघितलं नव्हतं. कोणत्या फोनवर उघडणार, ते मला माहीत नाही. त्या ओळीलाही माहीत नाही. तरी सगळ्यांना जागा होते.

अंगावर काटा आला, खरंच. कोणाला सांगणार? यांना दाखवलं. हे म्हणाले, "अरे वा." आणि भाजी आणायला गेले.

२० नोव्हेंबर, गुरु.

एका दात्याचं नाव इतकं लांब की छोट्या स्क्रीनवर कार्ड फाडून बाहेर येतं. सु.ताईंना विचारलं, आडनाव गाळू का. म्हणाल्या, "अजिबात नाही. माणूस रक्त देऊन राहिला, अन् त्याचं नाव कापते?"

नाव पूर्ण ठेवलं. ओळ मोडू दिली. कार्ड थोडं उंच झालं, आणि शेजारचं कार्डही न सांगता तेवढंच उंच झालं. मोठ्या अक्षरांवरही तपासलं. बटण आता कार्डाच्या पूर्ण रुंदीचं, खाली. अंगठ्याला सापडेल असं.

मनीला लिंक पाठवली. तिचा मेसेज: "दिसलं पूर्ण." एवढंच. मला पुरलं.

२७ नोव्हेंबर, गुरु.

गटाचं तपासणी शिबिर होतं. मनी-पिहू आल्या होत्या. तिथल्या लॅबवाल्या मॅडमना म्हटलं, मला एकदा बघू द्याल का. त्यांनी मायक्रोस्कोपखाली काच लावून दिली. पिहूच्या रक्ताची.

डोळा लावला. आधी धूसर, मग एकदम स्वच्छ. गोल गोल पेशी, आणि त्यांच्यात मध्ये मध्ये लांबट, वाकलेल्या. विळ्यासारख्या, नावात आहे तशाच; सिकल म्हणजे विळाच. मॅडम सांगत होत्या, गोल पेशी बारीक नळीतूनही दबून निघून जाते, ही अडकते. अडकली की मागचं सगळं तुंबतं. तिथे दुखतं.

एवढीशी वस्तू. डोळ्याला दिसत नाही. आणि माझी बहीण तिच्यामुळे कितीदा बस पकडते.

पिहूलाही बघायचं होतं. स्टुलावर उभी राहिली. पुष्कळ वेळ बघितलं. मग मान वर करून म्हणाली, "मावशी, हे माझ्या आत चालून राहिले? आत्ता?"

होय म्हटलं.

"मले त काहीच आवाज येत नाही."

९ डिसेंबर, मंगळ.

भल्ली थंडी. पिहूसाठी हे दिवस वाईट. मनीला रोज फोन, मोजे घाल, गरम पाणी दे. ती वैतागून म्हणते, "ताई, मी तिची माय आहे वं."

उद्या चंद्रपूरकडे, यांच्या मावसभावाच्या घरी वास्तुशांत. गाव आत आहे, रेंज नसते म्हणतात.

११ डिसेंबर, गुरु.

परत आलो. बसस्टँडवर फोनला रेंज आली आणि मनीचे मिस्ड कॉल. एकामागून एक, संपेनात. शेवटचा मेसेज सु.ताईंचा: "काळजी करू नको. रक्त मिळालं."

रिक्षाने सरळ हॉस्पिटल. पिहू झोपलेली, नळी लावलेली, रंग आलेला. मनी बाकावर. तिने सांगितलं ते सगळं आठवेल तसं लिहिते.

काल सकाळी पिहूच्या छातीत दुखायला लागलं, श्वास लागला. काटोलहून गाडी करून आणलं. डॉक्टर म्हणाले, बी निगेटिव्ह लगेच हवं, दोन बाटल्या. रक्तपेढीत नव्हतं. पिहूचे बाबा दुसऱ्या पेढ्या फिरायला गेले. मी फोनवर नाही. मनी एकटी, पिहू मांडीवर.

पेज उघडलं. पहिलं बी निगेटिव्ह कार्ड, उचललं नाही. दुसरा म्हणाला, ताई, मी मागच्याच महिन्यात दिलं. तिसरे रफीकभाई. टायरचं दुकान आहे. म्हणाले, आलोच. चौथं माधुरीचं, बर्डीच्या बाजारात कपड्याच्या दुकानात काम करते. तिचा फोन सु.ताईंकडे गेला, त्यांनी तिला लावला. ती काउंटर सोडून मेट्रोने निघाली.

"दोघंही आले ताई. मी त ओळखत बी नव्हती. तो भाऊ हात पुसत पुसतच आला, काळे हात."

मी विचारलं, पेजवर काही अडलं का.

तिने माझ्याकडे असं बघितलं की हा काय प्रश्न. "मी काई शोधलंच नाई वं. बोट खाली नेलं, बटण होतं. दाबलं."

मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले. इतकं काम केलं त्या बटणावर, आणि तिला ते दिसलंसुद्धा नाही. यापेक्षा मोठं कोणी काही म्हणालं नाही मला आजवर.

१२ डिसेंबर, शुक्र.

रफीकभाईंच्या दुकानात गेले, आभार मानायला. पिहूचं नाव घेतलं तर त्यांना आधी कळलंच नाही कोण. मग, "अच्छा, ती छोटी बच्ची! कशी आहे आता?"

बरी आहे म्हटलं. बोलायला पुष्कळ ठरवून गेले होते. जमलं नाही. म्हणाले, "ताई, इसमें क्या. दुकान तर रोजच आहे." आणि चहा मागवला.

त्यांचं कार्ड मी बनवलं होतं. नाव, भाग, रक्तगट. किती वेळा ते डावीकडून उजवीकडे हलवलं, लहान केलं, मोठं केलं. आणि त्यामागे हा माणूस इथे चाकाशी वाकून बसलेला होता, पूर्ण वेळ. असे सगळेच. प्रत्येक कार्डामागे कोणीतरी कुठेतरी काही करत असतं, आणि फोन आला की उठून येतं.

वेड लागायची पाळी येते विचार केला की.

१४ डिसेंबर, रवि.

सुधारणा. ज्याने नुकतंच दिलं आहे त्याचं कार्ड आता फिकं होऊन खाली जातं. पुरुषांना तीन महिने, बायांना चार. तेवढे झाले की आपोआप वर येतं. मनीचा त्या दिवशी एक फोन असाच वाया गेला, तिथेच मिनिटं गेली.

सु.ताईंना तीच कार्डं त्यांच्या मुख्य पेजवर बाजूच्या अरुंद पट्टीत हवी होती. मला वाटलं वेगळी बनवावी लागतील. नाही. कार्डाला सांगता येतं, स्क्रीन केवढी आहे ते बघू नको, तू ज्या डब्यात आहेस तो केवढा ते बघ. मोठ्या स्क्रीनवरच, पण पट्टीत टाकलं तर तेच कार्ड अंग चोरून उभं राहिलं. मधल्या मोठ्या जागेत टाकलं तर ऐसपैस. कोड एकच.

ज्यांनी हे शोधून काढलं ते कोण असतील? कुठे बसले असतील?

२१ डिसेंबर, रवि.

मोठी गोष्ट. डॉक्टरांनी मनीला बोनमॅरो, म्हणजे रक्त बनवणारा हाडातला मगज, बदलायचं सांगितलं. पिहूच्या बहिणीचं, समीक्षाचं जुळलं तर पिहू पूर्ण बरी होऊ शकते. होऊ शकते म्हणाले, होईल नाही म्हणाले. धोकाही सांगितला, लपवला नाही. आणि जुळेलच असंही नाही.

दोघींचे नमुने दिले. समीक्षा चौदा वर्षांची. सुई टोचताना मनीने तोंड फिरवलं, समीक्षाने नाही.

घरी आल्यावर ती लॅपटॉपजवळ आली. "मावशी, माझं कार्ड काहून नाही यात?"

अठरा व्हावं लागतं म्हटलं.

"अन् तिकडे चौदाची चालते?"

तिकडे चालते.

३ जानेवारी, शनि.

रिपोर्ट नाही आला. मनी विचारते, मी विचारते, सु.ताई विचारतात. लॅब म्हणते, थांबा.

सकाळी पेज उघडलं तर एक नवं कार्ड. बी निगेटिव्ह, हिंगण्याची एक नर्स. स्वतःच माहिती भरली, सु.ताईंनी मंजूर केली, मला पत्ताही नाही. बाकीची कार्डं तिच्यासाठी सरकून बसलेली. हात न लावता. मी बनवलेली वस्तू माझ्याशिवाय चालू आहे. हे बरं वाटतं की भीती, कळत नाही. दोन्ही.

१८ जानेवारी, रवि.

मनी दोघींना घेऊन आली आहे. उद्या डॉक्टरांना भेटायचं, रिपोर्ट तयार आहे म्हणून फोन होता. काय आहे ते फोनवर सांगितलं नाही. मनीने विचारलंही नाही, घाबरली.

दुपारी सगळ्या गच्चीवर, उन्हात. पिहू समीक्षाच्या मांडीवर डोकं टाकून.

"तुझ्यातलं माझ्यात टाकलं त माझ्या अंगात तुझं रक्त बनन?"

"हो म्हणे."

"मंग माझं रक्त कुठं जाईन?"

समीक्षाने माझ्याकडे बघितलं. मी मनीकडे. मनी कपडे वाळत घालत होती, पाठ आमच्याकडे, हात थांबलेला.

"जाऊ दे ना," समीक्षा म्हणाली. "वाकडंच होतं."

पिहू विचार करत राहिली. मग म्हणाली, "थोडंसं ठेवजो माझं."

ऊन छान होतं. समीक्षा तिच्या केसांतून बोटं फिरवत होती, आणि मी त्या दोघींकडे बघत बसले, बराच वेळ, ते ऊन भिंतीवर चढून जाईपर्यंत.